आज टँकर नाही, विचारणा करू नये

रविवारी सकाळी सहा वाजता आमच्या सोसायटीत पुढील गोष्टी होत्या. इमारती तीन. सदनिका शहाण्णव. चालू लिफ्ट दोन, बंद लिफ्ट एक. सूचना-फलक चार आणि त्यांवर श्रीधरकाकांच्या हस्ताक्षरातल्या सूचना एकवीस. तळटाकीत पाणी नव्वद सेंटिमीटर.

पाणी मी स्वतः मोजलं होतं. त्यासाठी बांबूची एक काठी आहे, तिच्यावर मी खुणा केल्या आहेत आणि ती टाकीच्या झाकणाशेजारी उभी असते. तिला कपडे वाळत घालायला नेऊ नये, अशी सूचना फलकावर आहे. सूचना क्रमांक चौदा.

हे सगळं आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सांगताना माझा आवाज चढतो आणि मग लोक म्हणतात, मुलगी हुशार आहे पण रागीट आहे. मी रागीट नाही. शहाण्णव घरांतली माणसं एकाच सकाळी एकच मूर्खपणा करतात, एकमेकांना न विचारता करतात आणि वर दोष माझ्या ॲपला देतात, तेव्हा जे वाढतं त्याला राग म्हणत नाहीत. त्याला तापमान म्हणतात.

माझं नाव उत्कर्षा. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केलं आणि आता खराडीतल्या एका कंपनीत मोबाईलची ॲप बनवते. एम.एस्सी. करून ॲप का, हे विचारू नये. आम्ही वाघोलीत राहतो आणि टँकरवर जगतो. त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर एकच महाकाव्य चालू असतं. टँकर आला का? आला. कुठे आला? गेटवर. आमच्याकडे अजून नाही. टँकर गेला का? सुप्रभात. कोण गेलं? टँकर. भावपूर्ण श्रद्धांजली.

एक दिवस मी वैतागून सेक्रेटरी श्रीधरकाकांना म्हटलं, "मी एक ॲप करते. त्यात रोजच्या टँकरची यादी दिसेल. कुठला टँकर, किती वाजता, किती लिटर. महिन्याभरात ग्रुप गप्प नाही झाला तर माझी डिग्री परत करते."

"डिग्री राहू दे," काका म्हणाले. "ॲप कर."

श्रीधरकाकांचा पूर्वी बिबवेवाडीत छापखाना होता. लग्नपत्रिका, हँडबिलं, श्राद्धाच्या चिठ्ठ्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुरातले जादा शब्द कापल्यामुळे बोलतानाही ते शब्द असे देतात, जसे रेशनवर देतायत. ॲप जवळजवळ तयार झालं तेव्हा मी त्यांच्याकडे गेले.

"काका, एक राहिलं. ज्या दिवशी टँकर नसेल, त्या दिवशी यादी रिकामी. मग काय दाखवायचं?"

"काही नाही तर काही नाही दाखवायचं."

"नुसती पांढरी स्क्रीन दिसली तर लोकांना वाटतं ॲप बंद पडलं."

काकांनी चष्मा काढला. म्हणजे आता मजकूर तयार होणार. "लिही. आज टँकर नाही."

"बस?"

"नाही, लोक विचारत बसतील. पुढे लिही, विचारणा करू नये." मग जरा थांबून म्हणाले, "खाली लहान अक्षरात, उत्तर मिळणार नाही."

मला मजकूर फार आवडला. मी तो तसाच घातला. ॲपला शिकवलं, यादीत किती नोंदी आहेत ते बघ, शून्य असतील तर काकांची पाटी लाव. मग रीतसर चाचणी घेतली. एक टँकर घालून बघितलं, यादीत एक दिसला. दहा घातले, दहा दिसले. सगळे काढले, पाटी आली. तिन्ही बरोबर. याला म्हणतात काटेकोर काम, असं मी मनात म्हटलं. हे वाक्य लक्षात ठेवा, मी विसरायचा प्रयत्न करते आहे.

त्या रविवारी काकांच्या अवनीचा साखरपुडा होता, सोसायटीच्याच हॉलमध्ये, दीडशे पानं. अवनी माझी मैत्रीण. मुलाकडची मंडळी चंद्रपूरची. लग्नानंतर जोडपं आमच्याच सोसायटीत, बी इमारतीत राहणार होतं आणि त्यावर मुलाच्या आत्याबाई, विमलाबाई, यांनी बैठकीत एकच प्रश्न विचारला होता. "तिकडे पाण्याचं कसं जी?" श्रीधरकाकांनी एका शब्दात उत्तर दिलं होतं. "भरपूर."

अवनी आदल्या दिवशी मला म्हणाली, "बाबा भरपूर म्हणालेत. आत्याबाईंनी ते पाठ करून ठेवलंय. उद्या नळ कोरडा गेला तर लग्न मोडणार नाही, पण मी त्या घरात मरेपर्यंत कोरड्या नळाची सून म्हणून राहीन. पाण्याचं तू बघ."

"तीन टँकर लागलेत," मी म्हटलं. "ॲपवर आहेत. तू मेंदी बघ."

काकांनीही आपली बाजू चोख केली. ग्रुपवर संदेश टाकला, 'उद्या साखरपुडा. सकाळी बरोबर सात वाजता सर्वांनी ॲप पाहावे व त्यानुसारच पाणी वापरावे.'

आमच्या सोसायटीत झेंडावंदनाला माणसं वेळेवर येत नाहीत. बैठकीला तर येतच नाहीत. पण त्या दिवशी सात वाजता, माझ्या दुर्दैवाने, शहाण्णवच्या शहाण्णव घरांनी एकाच क्षणी ॲप उघडलं.

मी अंथरुणात पडून ग्रुप बघत होते. शांतता. सव्वासात, शांतता. साडेसात, एकही प्रश्न नाही, एकही गुलाबाचं फूल नाही. ग्रुप जन्माला आल्यापासून असं कधी झालं नव्हतं. मी अवनीला लिहिलं, 'बघ. याला म्हणतात ॲप.' आणि विजयी चेहऱ्याने दात घासायला गेले.

नळ खोकला. दोन थेंब दिले आणि गप्प झाला.

स्वयंपाकघरात आले तर पाय ठेवायला जागा नव्हती. दोन बादल्या, पिंप, घंगाळ, परात, प्रेशर कुकर, इडलीपात्र, थर्मास आणि बाबांचा दाढीचा मग. सगळे काठोकाठ. मध्ये आई, पदर खोचलेली.

"हे काय?"

"आज टँकर नाही," आई म्हणाली. "मिळालं तेवढं भरून घेतलं."

"कोण म्हणालं?"

"तुझं ॲप म्हणालं."

मी ॲप उघडलं. तीन टँकर, स्वच्छ, एकाखाली एक. आईच्या नाकासमोर फोन धरला.

"आत्ता आले असतील," आई म्हणाली. "मी बघितलं तेव्हा नव्हते."

"किती वेळ बघितलंस?"

"पाटी वाचेपर्यंत. मग बंद केलं. पाटी वाचून झाल्यावर कोण बघत बसतं?"

"अगं, मी शेजारच्या खोलीत होते. मला का नाही विचारलंस?"

आईने माझ्याकडे दयेने पाहिलं. "त्यात लिहिलं होतं ना, विचारणा करू नये."

तिथे, इडलीपात्राशेजारी उभी असताना, मला माझी चूक दिसली. ॲप उघडल्यावर यादी काही आधीपासून फोनमध्ये बसलेली नसते. ती सर्व्हरकडून यावी लागते. येईपर्यंत यादी रिकामीच असते. माझ्या फोनवर, माझ्या वाय-फायवर, ती पापणी लवायच्या आत येई, म्हणून मला कधी कळलंच नाही. पण शहाण्णव घरांनी एकदम दार ठोठावल्यावर आमचा स्वस्तातला सर्व्हर गांगरला आणि यादी यायला चांगलं अर्धं मिनिट लागलं. तेवढ्यात माझ्या ॲपने इमानाने नोंदी मोजल्या, शून्य भरल्या आणि पाटी लावली. तराजूवर अजून काही ठेवलेलंच नाही, काटा शून्यावर आहे, म्हणून बाजारात बटाटेच नाहीत असं जाहीर करावं, तसं.

मान्य. चूक माझी. पण पुण्यात आजवर कुठली पाटी कोणी पाळली आहे? 'येथे गाडी लावू नये' याच्या खाली गाड्या असतात. आमच्या सोसायटीत एकवीस सूचना आहेत, त्यातली एकही पाळली जात नाही, माझ्या काठीवर चादरी वाळतात. आणि नेमकी जी पाटी खोटी होती, ती सगळ्यांनी अक्षरशः पाळली. कोणीही विचारणा केली नाही.

मी टाकीकडे धावले. काठी सोडली. टोक नुसतं दमट होतं. वरच्या टाक्या सोडल्या तरी तळटाकीतलं अठरा हजार लिटर पाणी अर्ध्या तासात संपलं होतं. भागाकार केला. घरटी सरासरी एकशे सत्त्याऐंशी लिटर. म्हणजे पाणी कुठेही गेलं नव्हतं. ते याच तीन इमारतींत होतं, फक्त इडलीपात्रांत.

श्रीधरकाकांचं दार उघडंच होतं. ते नव्या झब्ब्यात, खांद्यावर उपरणं, आणि बाल्कनीत ओळीने सात कळशा भरलेल्या.

"काका, तुम्ही पण?"

"ॲपवर होतं, आज टँकर नाही."

"काका, तिन्ही टँकर काल तुम्ही स्वतः सांगितलेत. फोन करून. माझ्यासमोर."

"हो."

"मग तुम्ही कसा विश्वास ठेवलात?"

"वाक्य माझं होतं," काका म्हणाले. "माझ्या मजकुरात आजवर चूक निघाली नाही."

यावर भांडायला वेळ नव्हता. आठ वाजत आले होते, पहिला टँकर आतापर्यंत गेटवर असायला हवा होता. मी टँकरवाल्या संभाजीरावांना फोन लावला. त्यांची जमीन पूर्वी इथेच होती, तिच्यावर आमच्यासारख्या इमारती उभ्या राहिल्या आणि उरलेल्या तुकड्यातल्या बोअरवर त्यांचे चार टँकर चालतात. त्यांच्याही फोनवर माझं ॲप होतं. मीच घालून दिलं होतं, कौतुकाने.

"संभाजीराव, गाड्या कुठे आहेत?"

"गाड्या गेल्या की ताई, साईटवर. तुमच्याच मोबाईलमदी आलं, आज टँकर न्हाई."

"अहो, ते चुकून आलं. तुमच्या बोअरजवळ रेंज कमी आहे म्हणून यादी पोचली नाही. पण ऑर्डर तर तुम्ही काल तोंडाने घेतली होती ना?"

"घेतली हाय की."

"मग एक फोन करून विचारायचं."

"लिवलंय न्हवं, विचारणा करू नये. वर आनि उत्तर मिळनार न्हाई. आता येवढं वाचून बी फोन केला, तर तुमी म्हननार अडाणी हाय."

मी भिंतीला डोकं टेकवलं. भिंत थंड होती, तेवढंच बरं वाटलं. शेवटी अकरापर्यंत कशीबशी एक गाडी मोकळी करून पाठवतो, असं त्यांनी कबूल केलं. एकच. बाकीच्या आता उद्या.

आचाऱ्याला मात्र पाणी तेव्हाच हवं होतं. दीडशे पानांचा भात कोरडा शिजत नाही. मी दोन बादल्या घेऊन घरोघर निघाले. पहिलं दार तिसऱ्या मजल्यावरच्या मथुराबाईंचं.

"मथुराकाकू, साखरपुड्याला थोडं पाणी द्याल?"

"पाणी? आमच्याकडे कुठलं बाई पाणी?"

त्यांच्या मागे पिंप होतं. पिंपामागे टब होता. टबात त्यांचे यजमान चिंतातुर चेहऱ्याने बसलेले नव्हते एवढंच, बाकी सगळीकडे पाणी होतं.

"काकू, मागे दिसतंय."

"ते होय? ते वापरायचं आहे."

"पाणी वापरायचंच असतं, काकू."

"मग तू तुझं वापर की."

असं पाच मजले. कोणी एक तांब्या दिला, कोणी उपदेश दिला, एका घरातून बर्फाचा ट्रे मिळाला. शेवटी आईने घरच्या दोन बादल्या आणि पिंप दिलं, काकांनी कळशा उतरवल्या आणि आचाऱ्याचा भात चुलीवर चढला. अवनी जिन्यात भेटली, हाताला मेंदी, चेहऱ्याला रंग नाही.

"होईल ना गं?"

"होईल," मी म्हटलं. "टँकर निघालाय. आणि ॲप मी आत्ता दुरुस्त करते."

आणि केलं. बाहेर सनई वाजत असताना, मी आमच्या बाल्कनीत लॅपटॉप मांडीवर घेऊन ॲपला शहाणपण शिकवलं. यादी अजून आलेली नाही, ही एक गोष्ट. यादी आली आणि ती रिकामी आहे, ही दुसरी. यादी आणताना अडचण आली, ही तिसरी. पहिल्यासाठी फिरतं चक्र आणि 'यादी येत आहे, थांबावे'. तिसऱ्यासाठी 'संपर्क झाला नाही'. आणि काकांची पाटी फक्त दुसऱ्यासाठी, म्हणजे जेव्हा खरोखरच टँकर नसेल तेव्हाच. नवी आवृत्ती ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, 'सकाळची पाटी चुकून दिसली होती. टँकर येत आहे. साठवलेलं पाणी जपून ठेवावे.'

या तीन वाक्यांपैकी लोकांनी दोन वाचली.

अकराला टँकर आला. दहा हजार लिटर. काठी सोडली, पन्नास सेंटिमीटर. वर पाणी चढलं, नळ सुरू झाले आणि मला डोक्यावर पाण्याचा आवाज ऐकू आला. बादल्या ओतल्याचा. एका घरातून, दोन घरांतून, मग तिन्ही इमारतींतून. मी जिने चढत वर धावले. मथुराकाकू पिंप आडवं करत होत्या.

"काकू, काय करताय?"

"ताजं आलं ना. सकाळचं शिळं कशाला ठेवायचं?"

"पाणी चार तासांत शिळं होत नाही."

"कुकरमध्ये ठेवलेलं होतं. आता वरण कशात लावू?"

सकाळी ज्या पाण्यातला मला एक तांब्या मिळत नव्हता, ते सगळंच्या सगळं मोरीतून वाहून जाताना मी पाहिलं. मग धुण्याची यंत्रं सुरू झाली. मग चंद्रपूरची बस आली. रात्रभर प्रवास करून चाळीस माणसं उतरली, काकांनी त्यांना आंघोळीसाठी दोन फ्लॅट उघडून दिले आणि विमलाबाईंना म्हणाले, "सावकाश होऊ द्या. पाणी भरपूर."

मी ॲप उघडलं. चक्र फिरलं. यादी आली. येऊन गेलेला टँकर यादीतून निघतो आणि बाकीचे दोन उद्यावर गेले होते, म्हणून यादी रिकामी होती, आणि खाली पाटी आली. आज टँकर नाही. विचारणा करू नये. त्या दिवसात पहिल्यांदाच ती पाटी खरी होती. ती फोनवर लखलखत असताना मी काकांना हॉलच्या दारात गाठलं.

"काका, सगळ्यांना सांगा, पाणी जपून. आता टँकर नाही."

"सकाळीही असंच म्हणत होतं ते."

"सकाळी चूक होती. आता खरं आहे."

"उत्कर्षा," काका समजुतीने म्हणाले, "मघाशी तूच लिहिलंस, टँकर येत आहे म्हणून."

"तो येऊन गेला, काका."

"मग बरोबर आहे की. आधी नाही म्हणतं, मग येतो. आता कळली पद्धत." आणि ते अत्तरदाणी घेऊन आत गेले.

मी ग्रुपवर लिहिलं, 'आता खरोखर टँकर नाही.' खाली अंगठे आले. एकाने लिहिलं, 'थांबा, यादी येत आहे.' त्याच्याखाली हसरे चेहरे आले. मग मी फलकावर लिहायला गेले, तर खडू मिळाला नाही.

साखरपुडा उत्तम झाला. अवनी हसली, अंगठ्या बसल्या, फोटोवाल्याने सगळ्यांना चार वेळा उभं केलं. मग पंगती. श्रीखंड-पुरीचा बेत होता आणि श्रीखंड, सांगायला हवं, फार चांगलं होतं. लोकांनी ते मनापासून, मनगटापर्यंत खाल्लं.

पंगती उठल्या. दीडशे माणसं उजवा हात कोपरात वाकवून, बोटं पसरून नळांपुढे रांगेने उभी राहिली, जशी शपथ घ्यायला उभी राहिली आहेत. रांगेत पहिल्या विमलाबाई. पैठणी, नथ आणि हातभर श्रीखंड. त्यांनी डाव्या हाताने नळ सोडला.

नळ खोकला.

त्यांनी दुसरा सोडला. तोही खोकला. विमलाबाईंनी हात तसाच वर धरून मान वळवली.

"श्रीधरराव, भरपूर म्हणाले होते न जी तुम्ही?"

अवनीने माझा दंड धरला. नखांचा ओरखडा उठला इतका घट्ट.

काकांनी उपरणं सावरलं. "उत्कर्षा, बघ गं. ॲप काय म्हणतंय?"

मी बघितलं. "आज टँकर नाही."

काकांचा चेहरा उजळला. "झालं तर मग," ते विमलाबाईंना म्हणाले. "पाच मिनिटं थांबावं. येतोच आहे. आमच्याकडे आधी असंच दिसतं."

रांगेतल्या मथुराकाकूंनी मान डोलावली. मग माझ्या आईनेही डोलावली.

मी टाकीकडे गेले. काठीवर कोणाची तरी चादर होती, ती काढली. झाकण सरकवलं, काठी तळाला टेकेपर्यंत खाली सोडली आणि वर काढून उन्हात धरली.

शून्य सेंटिमीटर.